स्पेनहून आलेली पाहुणी

“कशा आहात तुम्ही, वहिनी?”

तुम्ही!... हॉलंडमधल्या न्यूनेन गावातल्या त्या लहानशा घराच्या दारात उभ्या असलेल्या वल्लरीच्या तोंडून तो शब्द आला आणि जयंतीच्या काळजात चर्र झालं. अकरा वर्षांची असल्यापासून जी पोर ‘ए वहिनी’ म्हणून तिच्यामागे घरभर फिरली, ताप आला की जिला तिचीच मांडी लागायची, ती आज तीन वर्षांनी, खांद्यावर क्लबची पिशवी अडकवून, एखाद्या परक्या बाईला विचारावं तसं विचारत होती!

“बरी आहे मी... ये ना, आत ये,” जयंती कशीबशी म्हणाली.

वल्लरीच्या मागे तिच्या संघाची गोलकीपर, एक उंच, हसरी स्पॅनिश मुलगी, अवघडून उभी होती. पिंक्स्टर या ईस्टरनंतरच्या सणाच्या सुट्टीत गावातल्या फुटबॉल क्लबची स्पर्धा भरायची, परदेशातूनही संघ यायचे आणि त्या मुलींची सोय गावातल्याच घरांमधून व्हायची. यंदा, २००६ साली, यादीत वल्लरीच्या स्पेनमधल्या क्लबचं नाव दिसलं आणि जयंतीने नवऱ्याला न विचारता गावच्या क्लबच्या प्रशिक्षक रीटबाईंना सांगून टाकलं, “दोन मुली माझ्याकडे द्या. त्यातली एक कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

नीळकंठ, जयंतीचा नवरा आणि वल्लरीचा थोरला भाऊ, वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठला. बहिणीला पाहून त्याचा चेहरा क्षणभर हलला. “आलीस?” एवढंच म्हणून तो मागच्या बागेत निघून गेला.

जयंती मुलींना घेऊन जिना चढू लागली. एकेका पायरीवर तिला जुने दिवस आठवत होते...

सासूबाई गेल्या तेव्हा जयंतीच्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. सासरे त्याआधीच गेलेले. आईचे दिवस करून नीळकंठ पुण्याहून हॉलंडला परतला तो या पोरक्या बहिणीचा हात धरूनच. शाळेत भाषा कळत नव्हती; वल्लरी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा मात्र मैदानावर खेळणाऱ्या मुलींचा चेंडू तिच्या पायाशी आला, तिने तो असा काही टोलवला की रीटबाई धावतच जयंतीपाशी आल्या! त्या दिवसापासून दर शनिवार फुटबॉलचा झाला. वल्लरीला नेता यावं म्हणून जयंती पडत-झडत सायकल शिकली. पालकांपैकी कुणीतरी रेषेवर निशाण घेऊन उभं राहायला हवं असायचं. मग पंजाबी ड्रेसवर रेनकोट चढवून, हातात निशाण घेऊन जयंतीच उभी राहायची. मैदानावरून वल्लरी ओरडायची, “ए वहिनी, निशाण वर कर ना, ती ऑफसाइड होती!” घरी आल्यावर चिखलाने भरलेले मोजे बादलीत भिजत पडायचे आणि दोघी स्वयंपाकघरात गरम पोळी-तूप खात हसत सुटायच्या... किती सुखाचे होते ते दिवस!

वल्लरीचं नायमेखनच्या विद्यापीठातलं शिक्षण संपलं त्या उन्हाळ्यात स्पेनहून पत्र आलं. बायकांच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधला क्लब. पगार नाही; एक खोली, दुपारचं जेवण आणि सकाळी संत्र्यांच्या वखारीत काम. नीळकंठ संतापला. “शिकलीस ती संत्री भरायला? हरीशच्या घरचे होकार देऊन बसलेत!” हरीश हा फोरबर्गला नोकरी करणारा, त्यानेच पाहिलेला मुलगा. वल्लरीने तरीही दादाचा रोष पत्करला असता. तिला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर जयंतीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची बंदी केली होती.

“वहिनी, मी नकार कळवला,” पोरगी पायाशी बसून म्हणाली होती. “तुला असं टाकून मी कुठे जाऊ?”

त्या रात्री जयंतीचा डोळा लागला नाही. आपल्यासाठी या मुलीने सगळ्या आयुष्याची इच्छा मारावी? आणि मायेने ‘जा’ म्हटलं तर ती मुळीच जाणार नाही! चार दिवसांनी जयंतीने मन दगडाचं केलं आणि म्हणाली, “आता माझं स्वतःचं मूल येतंय, वल्लरी. तुझी खोली त्याला लागेल. दुसऱ्याची पोर किती दिवस सांभाळायची मी?”

वल्लरी पांढरीफटक पडली. तिसऱ्या दिवशी ती निघून गेली. दादाच्या मनाविरुद्ध गेली म्हणून त्याने तिला फोन केला नाही, आणि जयंतीने तिला घालवली हे कळल्यावर त्याने जयंतीशीही कामापुरतंच बोलणं ठेवलं.

...वल्लरीने खोलीचं दार उघडलं आणि ती थबकली. तिचाच पलंग, तिचीच पुस्तकं! पाळणा नाही, खेळणी नाहीत.

“बाळ कुठंय?”

“पाचव्या महिन्यात गेलं गं,” जयंती उशी सारखी करत म्हणाली.

“आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?”

“तुझे सामने सुरू झाले होते तेव्हा,” जयंती बोलून गेली आणि घाईघाईने खाली उतरली.

रात्रीच्या जेवणात गोलकीपर तेवढी वरण-भात आवडीने जेवली. बाकी तिघं ताटाकडे पाहत होती.

सकाळी मुलींना न्यायला रीटबाई आल्या. कॉफीचा पेला हातात घेऊन त्यांनी टेबलाभोवतीचे चेहरे पाहिले आणि डच माणसाच्या सरळ रीतीने विचारलं, “वल्लरी, तू वहिनीशी बोलत का नाहीस? तुझी ती जागा हिच्यामुळे राहिली.”

“माझी जागा?”

“तू नकार पाठवलास आणि हिने मला बोलावून घेतलं. उशीवरून मान उचलायची ताकद नव्हती हिच्यात. म्हणाली, स्पेनला फोन करा, जागा ठेवायला सांगा. पोरगी येईल. तिला कसं पाठवायचं ते मी बघते.”

“रीटबाई, पुरे!” जयंती कळवळून म्हणाली. पण व्हायचं ते झालं होतं. वल्लरी खुर्चीवरून उठली.

“कसं पाठवायचं ते... म्हणजे ते सगळं... वहिनी, तू मुद्दाम बोललीस? मी तीन वर्षं तुझा राग केला गं! प्रत्येक सामन्याआधी ते शब्द आठवायचे मला... आणि तू इथे एकटी...” तिने जयंतीच्या गळ्यात हात टाकले आणि लहानपणी रडायची तशी हमसून हमसून रडू लागली.

नीळकंठ भिंतीला टेकून उभा होता. “एकटी नव्हती ती, वल्लरी... मी होतो ना हॉस्पिटलात! मूल गेलेल्या बाईला मी म्हणालो, पोरक्या पोरीला घराबाहेर काढलंस, त्याची ही शिक्षा... हिने एका शब्दाने उत्तर दिलं नाही. खरं सांगितलं असतंस तर, जयंती?”

“तुम्ही त्याच दिवशी तिला परत आणलं असतंत,” जयंती डोळे पुसत म्हणाली. “चला आता. सामना अकराला आहे.”

नीळकंठ आयुष्यात पहिल्यांदा बहिणीचा खेळ बघायला मैदानावर आला. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, “आत्ता शिट्टी का वाजली?”

“ऑफसाइड. वल्लरीने सगळ्यांना एकदम पुढे काढलं, समोरच्या संघाची ती मुलगी एकटी मागे सापडली.”

“तुला कळतं हे?”

“दहा वर्षं दर शनिवारी इथेच उभी होते मी. तुम्ही कधी विचारलंत?”

नीळकंठ रेषेच्या आणखी जवळ सरकला.

वल्लरीचा संघ तीन-एकने हरला. ती गवतावर पाय पसरून बसली. “वहिनी, गेल्या महिन्यात आम्ही लीगमधूनही खाली घसरलो. आता प्रादेशिक लीग. बसने पाच पाच तास जायचं आणि बघायला चाळीस माणसं! इथेच राहू का गं मी, तुझ्याजवळ?”

जयंतीचं अंतःकरण आतुरतेने उसळलं. रहा, असं म्हणायला जीव आसुसला होता तिचा! पण तिने वल्लरीचा चेहरा ओंजळीत धरला. “मागच्या वेळी तुझ्यासाठी मी ठरवलं. या वेळी तू सांग. तुला काय हवंय?”

वल्लरीने मैदानाकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, “संघ वर यायला हवा. आणखी एक वर्ष खेळायचंय मला.”

“मग खेळ,” जयंती म्हणाली. “आणि या वेळी फोन करत जा.”

सोमवारी दुपारी मैदानावरून बस निघाली. मागच्या काचेला नाक लावून वल्लरी हात हलवत राहिली, आणि बस वळणाआड गेली तरी जयंती रस्त्याकडेच बघत होती. तेवढ्यात नीळकंठने, चारचौघांत कधी शेजारीही न चालणाऱ्या त्या माणसाने, तिचा हात हातात घेतला.

“त्यांचे सामने सप्टेंबरात सुरू होतात म्हणे. आपण जाऊ. तिकिटं मी काढतो,” तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “आणि... आपल्या बाळाबद्दल तू कधी बोलली नाहीस. मी बोलूच दिलं नाही. आज बोलशील?”

बाळासाठी तीन वर्षं कुणापुढे न ढळलेलं पाणी जयंतीच्या डोळ्यांतून वाहू लागलं... तिने मान हलवली, आणि मैदानाच्या कडेच्या बाकावर, त्याच्या शेजारी बसून, पहिल्यांदाच बोलायला सुरुवात केली.