ऑरिनच्या तळघरातली पुस्तकं

ऑरिन हॅस्केट गेला त्या हिवाळ्यात त्याच्या बायकोचा, मॅक्सीनचा, मला फोन आला. घर विकायला काढलंय, तळघरात पुस्तकांची खोकी पडून आहेत, तुझी तेवढी घेऊन जा, म्हणाली. मी पिकअपमध्ये ताडपत्री टाकली, थर्मासमध्ये कॉफी भरली आणि दुपारचं जेवण उरकून निघाले. काम साधंच होतं. न खपलेली पुस्तकं परत आणायची. आमच्यासारख्यांना त्याची सवय असते.

आमच्यासारखे म्हणजे छोट्या प्रकाशकांकडून भयकथांचे संग्रह काढणारे. मी शाळेची बस चालवायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भुतं लिहायचे. ऑरिन ती छापायचा. त्याची प्रेस म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि स्वतः ऑरिन. मुखपृष्ठंही तोच करायचा. प्रत्येकावर एक वाळकं झाड आणि एक खिडकी. पुस्तक निघालं की आम्ही कुठल्यातरी पुस्तक-मेळाव्यात टेबल मांडून बसायचो, आणि लोक येऊन स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायचे.

"आयली," लेलंड मला म्हणायचा, "तू माझं वाचतेस, मी तुझं वाचतो. एवढा एकनिष्ठ वाचकवर्ग कोणाला मिळतो सांग!"

लेलंड ट्रेव्हेना माझा मित्र. आमच्या या सुपीरियर सरोवराच्या काठावर तांब्याच्या खाणी होत्या तेव्हा त्याचे आजे-पणजे जमिनीखाली राबले. तो रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी चालवायचा. त्याचा एकच संग्रह निघाला, 'खाण बंद झाल्यावर'. मी भुतं लिहिते ती मेहनतीनं लिहिते. लेलंड लिहायचा तेव्हा वाटायचं, हा वाट चुकवून आपल्याला खाली घेऊन चाललाय आणि वर यायचा रस्ता त्यालाही ठाऊक नाही. पुस्तक निघालं तेव्हा तो कसा हरखला होता! गाडीत पुढच्या काचेपाशी एक प्रत ठेवून फिरायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून.

मग मार्केट नावाच्या गावी भरलेल्या मेळाव्यात त्यानं ऑरिनला विचारलं, कसं चाललंय पुस्तक? आम्ही सगळे टेबलाभोवती पेस्टी, खाणकामगारांची ती मांस-बटाट्याची मोठी करंजी, खात उभे होतो. ऑरिननं तोंड पुसलं.

"खरं सांगू? तुझं पुस्तक कोणी मागत नाही रे, लेलंड. एकही नाही. दुसऱ्या पुस्तकाचा विचार तू सोडूनच दे."

चारचौघांत म्हणाला. लेलंड हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

पुढच्या शनिवारी तो माझ्याकडे सौना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवायला आला. दर शनिवारी यायचा. आधी मी आणि माझी बहीण आत बसायचो, मग तो. त्या दिवशी मी बाहेर आले तर तो ओसरीच्या बाकावर बसलेला, अंगावर नुसता शर्ट, आणि वरून बर्फ पडतोय.

"कशी होती आजची वाफ?" त्यानं विचारलं.

"फार छान. लाकडं कुठली आणलीस?"

"लाकडं नव्हती. माझं दुसरं पुस्तक होतं ते."

मला वाटलं थट्टा करतोय. त्याच्या हाताची बोटं काळी झाली होती. दुसरी प्रत नव्हती. तो हातानं लिहायचा. त्यानंतर त्यानं लिहिणं सोडलं, मग मेळावे सोडले, मग माणसं सोडली. दोन हिवाळ्यांनी एका सकाळी तो आपल्या खोलीत मेलेला सापडला. डॉक्टर म्हणाले हृदय. हृदयच म्हणायचं.

तर असा ऑरिन. त्याच्या घराकडे जाताना माझ्या मनात त्याच्याबद्दल दुःख नव्हतं, हे मी लपवत नाही.

घर गावाच्या टोकाला, बंद खाणीच्या ढिगाऱ्यांना पाठ लावून उभं आहे. दुपार होती, पण आभाळ इतकं खाली आलेलं की मॅक्सीननं दिवे लावले होते. ती दारातच उभी होती. वाळून अर्धी झाली होती.

"सगळ्यांना फोन केले," ती म्हणाली. "तू एकटीच आलीस."

"बाकीच्यांना घरात जागा नसेल पुस्तकांना."

"तसंच असेल." मग जरा थांबून, "मी खाली येत नाही. दिवा जिन्याच्या तोंडाशी आहे. आपली उचल आणि ये. रेंगाळू नकोस."

तळघरात पाऊल ठेवल्याबरोबर पहिल्यांदा वास आला. ओल्या कागदाचा वास अपेक्षितच होता, पण त्याच्याआड दुसरा एक होता. कापराचा. लहान मुलांच्या छातीला खोकल्यासाठी मलम चोळतात ना, तसा. घर तापवणारी भट्टी मधोमध घुमत होती. तिच्या अंगाला खेटून एक लोखंडी पलंग होता, लहान मुलाचा. गादी नव्हती, नुसत्या पट्ट्या. आणि भिंतीभर फळ्यांवर खोकी, प्रत्येकावर लेखकाचं नाव. गेल्या कित्येक वर्षांत ऑरिननं ज्यांना ज्यांना छापलं ते सगळे इथे होते.

माझी खोकी सापडली. एकच उघडलेलं होतं. वरची एक प्रत पहिल्या काही पानांपर्यंत दुमडलेली, मग तशीच बाजूला टाकलेली. बाकीची चिकटपट्टीसकट जशीच्या तशी.

शेजारी लेलंडचं नाव होतं.

त्याची खोकी फाटून गेली होती. मी एक पुस्तक हातात घेतलं. ते पुस्तक राहिलंच नव्हतं. पाठ मोडलेली, कोपरे झिजून गोल झालेले, पानं मऊ पडून फडक्यासारखी लोंबत होती. दुसरं घेतलं. तेही तसंच. तिसरं. सगळीच. एकूण एक प्रत इतकी वाचलेली होती, की काही पानांवरची शाई बोटांखाली पुसून गेली होती. आणि ती बोटं लहान होती. पानांच्या कोपऱ्यांवर त्यांचे ओलसर डाग होते.

मी एक प्रत घेऊन वर गेले आणि मॅक्सीनपुढे टेबलावर ठेवली.

"हे कोणी वाचलं?"

तिनं पुस्तकाकडे पाहिलंच नाही. खिडकीबाहेर पाहत राहिली.

"ऑरिनला एक बहीण होती," ती म्हणाली. "पर्ल. छातीनं अधू. खाली भट्टीजवळ ऊब असते म्हणून तिचा पलंग तिथे टाकला होता. ऑरिन तिला गोष्टी सांगायचा. भुतांच्या. तिला त्याच आवडायच्या. गोष्ट अर्धी झाली की म्हणायची, मग? पुढे? एके दिवशी अर्ध्या गोष्टीत गेली बिचारी." तिनं हात चोळले. "म्हणजे... गेली असं आम्ही म्हणतो."

"मॅक्सीन..."

"मी लग्न होऊन आले तेव्हा तो रोज खाली जाऊन बसायचा. एकटाच बोलायचा. मला वाटलं विसरेल हळूहळू. मग त्याच्या गोष्टी संपल्या. पुस्तकं आणून द्यायला लागला. दुकानातली तिला आवडेनात, कोण जाणे का. म्हणून प्रेस काढली. तुम्हाला काय वाटलं, साहित्यसेवा?" ती हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "तुझी तिनं बाजूला टाकली. वाईट वाटून घेऊ नकोस."

मला वाईट वाटलं. अशा वेळीही वाटलं. लेखक असा असतो.

"आणि लेलंडची?"

"ती तिनं सोडलीच नाहीत. दुकानांकडून मागण्या यायच्या, आयली. पत्रं, फोन. ऑरिन खाली जायचा, खोकं उचलायचा, आणि ती रडायला लागायची. अख्खं घर रडायचं. भिंती ओल्या व्हायच्या. रिकाम्या हातानं वर यायचा. पुन्हा पुस्तकं छापली, तीही खालीच राहिली."

"मागण्या यायच्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मग कोणी मागत नाही असं का सांगितलं त्याला? सगळ्यांसमोर?"

खाली भट्टी बंद पडली, परत सुरू झाली.

"लेलंडचं पुस्तक आल्यापासून तिनं ऑरिनला हाक मारणं बंद केलं," शेवटी ती म्हणाली. "सख्खा भाऊ. जन्मभर तिच्यासाठी जागला. तो खाली जाऊन बसायचा, आणि ती पान उलटत राहायची. त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. तूच सांग, तो काय करणार होता?"

मी उठले आणि जिना उतरू लागले.

"आयली! तुझी घे! त्याची राहू दे!"

या वेळी कापराचा वास जिन्यातच आला. मी लेलंडची उरलीसुरली पुस्तकं एका धड खोक्यात भरली. भीती वाटत नव्हती. निदान तेव्हा तरी नाही. खोकं उचलायला वाकले तर ते उचलेना. जड नव्हतं. पलीकडून कोणीतरी धरलं होतं. लहान मूल आपली वस्तू धरतं तसं, जोरात नाही, पण सोडायचंच नाही असं.

"हे माझ्या मित्राचं आहे," मी म्हटलं.

पलंगाच्या पट्ट्या हलकेच किरकिरल्या. मग अगदी जवळून, माझ्या कोपरापाशी, धाप लागल्यासारखा एक आवाज आला.

"...मग?"

मी खोकं सोडलं नाही.

"मग...? पुढे...?"

ती त्याचं दुसरं पुस्तक मागत होती. इतकी वर्षं त्या तळघरात बसून तेच एक वाचत होती आणि पुढच्याची वाट बघत होती. ज्या माणसाला एक, फक्त एक वाचक हवा होता, त्याचा तो वाचक इथे, या ओलीत, बसला होता.

"पुढचं होतं," मी म्हटलं. "लिहून झालं होतं. तुझ्या भावानं त्याला सांगितलं की कोणी मागत नाही. म्हणून त्यानं ते जाळलं. आणि मग तो मेला. आता पुढचं नाही. कधीच नाही. कळलं?"

भट्टी थांबली. इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. मग फळ्यांवरून, खोक्यांमधून, अंधारातून आवाज येऊ लागले. पुस्तकं मिटल्याचे. एक, मग दुसरं, मग सगळीकडून, हलकेच, जशी कोणी एकेक पापणी मिटवत जावी. शेवटचं पुस्तक माझ्या हातातल्या खोक्यात मिटलं. पलीकडची पकड सुटली, आणि मी तोल जाऊन भिंतीवर आदळले.

वर आले तेव्हा मॅक्सीन जिन्याच्या तोंडाशी जमिनीवर बसली होती.

"काय बोललीस तिला?"

"खरं ते."

"कोणी तिच्याशी खरं बोलायचं नाही, असं ठरलं होतं या घरात," ती कुजबुजली. मग मान वाकडी करून ऐकू लागली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "ऐकतेस? काहीच नाही... आयली, ती इथे नाहीय. कुठे गेली ती? कुठे गेली?"

मला काय ठाऊक? मी खोकं उचललं आणि बाहेर पडले. माझी स्वतःची पुस्तकं तिथेच राहिली. पुढे घर विकत घेणाऱ्यानं ती रद्दीत दिली असं ऐकलं.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी वारा नव्हता, ऊन पडलं होतं, सगळं पांढरं आणि कोरं. मी लेलंडची एक प्रत कोटात घालून दफनभूमीकडे गेले. त्याला सांगायचं होतं. मेलेल्या माणसाला सांगून काय मिळणार, पण माझ्याजवळ सांगायला दुसरं कोण होतं? वाटेत मी वाक्यं जुळवत होते. मागण्या यायच्या रे. तुझं वाचून वाचून पानं फाटली. हे ऐकून त्याला बरं वाटलं असतं, की जाळलेल्या पुस्तकासाठी तो पुन्हा एकदा मेला असता, ते मला ठरवता येईना. अजूनही येत नाही.

फाटक बर्फानं अडलं होतं. मी कुंपणावरून गेले. त्या सकाळी मीच पहिली होते, असं मला वाटलं.

त्याच्या थडग्याच्या दगडाकडे पावलं गेली होती. लहान, अनवाणी, पाचही बोटं स्पष्ट उमटलेली. ती खाणीच्या ढिगाऱ्यांकडून, कुंपणाखालून सरळ आली होती, कुठेही न रेंगाळता. परतीची पावलं नव्हती. मी सगळीकडे फिरून बघितलं. दगडाशेजारी बर्फ दबलेला होता, कोणी गुडघे पोटाशी घेऊन, जमिनीला कान लावून बराच वेळ बसावं तसा.

मी हातमोजा काढला आणि त्या खळग्यात तळवा टेकला. हवा इतकी थंड होती की श्वास ओठांवर गोठावा. खालचा बर्फ तसूभरही वितळला नव्हता.

पण तो गरम होता. आणि माझ्या तळव्याखाली, खूप खोलवर, जमीन अगदी हळू, थांबून थांबून, एका लयीत थरथरत होती... कोणी मोठ्यानं वाचून दाखवत असताना त्याच्या छातीवर हात ठेवावा तशी.