उंबरीपाण्याची यादी

अर्शिया पिंजारी नंदुरबारात संगणक दुरुस्त करायची आणि जे दुरुस्तीच्या पलीकडे गेले ते घरी आणून ठेवायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले इंद्रसिंग सर तिच्याच जातकुळीतले. दोघांनी बारा वर्षांत सत्तावीस यंत्रं जमवली होती. डिसेंबरात एका शाळेनं सभागृह दिलं, आणि शनिवार-रविवार त्यांनी प्रदर्शन भरवलं.

दांडा फिरवून बेरीज करायची यंत्रं होती, हिरवे आकडे उमटणारे वहीएवढे कॅल्क्युलेटर होते. पण गर्दी व्हायची दाराजवळच्या टेबलाशी. तिथे एक राखाडी संगणक, त्याला मोठी लवचिक फ्लॉपी, आणि कर्र-कर्र करत कागद ओकणारा प्रिंटर. भिला भंगारवाल्यानं तो संगणक दिला तेव्हा फ्लॉपी आतच होती. धरणाच्या फुगवट्याखाली जाणाऱ्या गावांची कोणीतरी कधीकाळी पाहणी केली होती, त्यातली एका गावाची यादी तिच्यावर होती. उंबरीपाणी, नर्मदेच्या काठचं. दोनशे बारा माणसं. नाव, नातं, वय, सगळं इंग्रजी अक्षरांत.

शनिवारी अर्शियानं ती यादी छापून दाखवली. पोरं आवाजावरच खूश झाली. एक माणूस मात्र कागदावर वाकून उभाच राहिला.

"हे माझं गाव," तो म्हणाला. "हा मी. करमसिंग, वय पाच."

तो आता तळोद्याजवळच्या वसाहतीत राहत होता, तिथल्या शाळेत शिपाई होता. अर्शियानं त्याला आपला नंबर दिला. म्हणाली, घरच्यांनाही घेऊन या.

रविवारी दुपारी तो आईला घेऊन आला. कौसाबाई खुर्चीवर टेकली नाही. मराठी ती अडखळत, एकेक शब्द निवडून बोलायची.

"बेबी हाय का त्यात?"

अर्शियानं कालच्या कागदावर बोट फिरवलं. "आहे. बेबी, मुलगी, वय तीन."

"ती तापानं गेली. पाणी यायच्या आधी. तिथंच पुरली तिला, घरामागं." कौसाबाईनं प्रिंटरकडे बोट केलं. "परत काढ की. मशीन कसं काढतं ते बघते."

अर्शियानं बटण दाबलं. प्रिंटर सुरू झाला.

यादी लहान होती. हे तिच्या लक्षात आलं ते कागद लवकर थांबला तेव्हा. दोनशे बाराऐवजी जेमतेम एकोणीस नावं. तिला वाटलं, फ्लॉपी खराब झाली. तिनं सहज पहिली ओळ वाचली.

"लोटन, वय एकशे एक."

"मेला तो," करमसिंग म्हणाला. "मी लहान असताना."

तिनं पुढची नावं वाचली. प्रत्येक नावाला कौसाबाई मान हलवत होती. शेवटी ती म्हणाली, "हे समदे तिथलेच. तिथं पुरलेले."

इंद्रसिंग सर जवळ आले. अर्शियानं त्यांना दोन्ही कागद दाखवले. कालच्या कागदावर लोटन एकोणसत्तर वर्षांचा होता.

"वय वाढेल शे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "घड्याळामुळे व्हयनं असेल."

"सर, घड्याळाची बॅटरी केव्हाच मेली आहे. सुरू केला की हा दर वेळी एकोणीसशे ऐंशी दाखवतो."

"फ्लॉपीले चिकटपट्टी लायेल शे ना?"

होती. ती पट्टी लावली की फ्लॉपीवर नवीन काही लिहिता येत नाही. अर्शियानं स्वतः लावली होती. तिनं फ्लॉपी बाहेर काढून पाहिली, पट्टी जागच्या जागी होती.

तेवढ्यात प्रिंटर पुन्हा चालू झाला. फ्लॉपी तिच्या हातात होती.

एक ओळ आली. बेबीबाई, वय पस्तीस.

"वाढली माझी पोर," कौसाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्यामुळेच अर्शियाला जास्त भीती वाटली.

दुसरी ओळ. नथ्थू, बेबीबाईचा मुलगा, वय नऊ.

"बंद करा!" करमसिंग ओरडला आणि त्यानं भिंतीतली पिन उपटली.

हा प्रिंटर एक ओळ डावीकडून छापायचा, पुढची उजवीकडून. तिसरी ओळ उजवीकडून येत होती. वय चार आणि मुलगी, एवढंच उमटलं. नावाची जागा कोरी राहिली.

कौसाबाईनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हिचं नाव?"

करमसिंगनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. दारापर्यंत ती मागे वळून पाहत होती.

"बांधी ठेव ते, बेटा," इंद्रसिंग सर म्हणाले. "आते चालू करू नको."

सोमवारी सकाळी दोघं यंत्रं खोक्यांत भरत होती. सभागृहात ऊन आलं होतं. अर्शियाचा फोन वाजला.

"ताई, करमसिंग बोलतोय." त्याला धाप लागली होती. "तिचं नाव सांगा."

"कोणाचं?"

"बेबीच्या धाकटीचं. विहिरीच्या काठावर उभी आहे. आमच्या वसाहतीची नाही ती. पाठमोरी आहे. आई म्हणते जवळ जाऊ नको, नावानं हाक मार, मग वळेल. काठ निसटता आहे, ताई."

"करमसिंग, अहो, कुणाचं तरी पोर असेल—"

"नाव सांगा!"

इंद्रसिंग सरांनी ते ऐकलं. त्यांनी राखाडी संगणकाचं खोकं उघडलं. अर्शियानं प्रिंटर जोडला. फ्लॉपी आत सरकवली.

कर्र-कर्र.

लोटन. मग बाकीचे. बेबीबाई. नथ्थू.

"लवकर, ताई."

शेवटची ओळ उजवीकडून आली. वय. मुलगी. मग नाव, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत.

"रिना," अर्शिया म्हणाली. "रिना!"

फोनमधून त्याची हाक ऐकू आली. मग काहीच नाही. कुठेतरी कोंबडा आरवला.

"वळली," करमसिंग म्हणाला. "आईकडे येतेय."

इंद्रसिंग सर कपाळ पुसत होते.

"ताई," करमसिंग म्हणाला. आता त्याचा आवाज फार शांत होता. "बाकीचीही वाचा. विहिरीशी बरीच माणसं उभी आहेत."