ओकच्या बियांना मोड

बाहेर शेहेचाळीस अंश ऊन होतं, तरी ओकखाली बायका निवांत गवार मोडत बसल्या होत्या. जालन्याच्या वसाहतीतलं हे ओकचं झाड म्हणजे प्रयोगशाळेत केलेला संकर. सात वर्षांत पंचेचाळीस फूट वाढलेलं. पानांतून इतकी वाफ सोडायचं, की सावलीतली हवा आठ अंशांनी उतरायची.

मोरेश्वर धारप पलीकडच्या बाकावर पुस्तक धरून बसत. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक, म्हणून झाडाच्या नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या. बायकांच्या गप्पांतला शब्द निसटू नये म्हणून ते पान उलटतानाही आवाज करत नसत.

"सर, वाचता की नुसतं धरून बसता?"

शेजारच्या इंदुताई खरात समोर उभ्या होत्या, हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी. सात वर्षांत या बाकाशी कुणी आलं नव्हतं.

"वाचतो... म्हणजे, तसं वाचतोच."

"हे बघा. झाडाच्या बिया वाया जातात, म्हटलं उसळ होते का बघू. चार दिवस पाणी बदललं, कडूपणा गेला. मग मटकीसारख्या बांधून ठेवल्या. मोड आलेत!"

धारपांनी पुस्तक मिटलं. हे बी रुजूच नये अशी त्याची घडण होती. झाडाची मुळं दीडशे फुटांवरचं पाणी ओढायची. ते रानोमाळ पसरलं तर विहिरी आटतील. तज्ज्ञ दरवर्षी बिया मातीत पेरून बघत, एकही उगवत नसे. कडूपणाच मोडाला अडवत होता, आणि तो धुऊन काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. पण पावसाच्या चार दिवसांच्या झडीलाही ते जमलं असतं.

नियम साधा होता. एक बी रुजलं तरी नोंदीत कळवायचं. मग आठवड्यात झाड तोडलं जाणार.

"आणखी कुणाला दिल्यात?"

"छे! आधी तुम्हाला दाखवायला आणल्या. झाडातलं तुमच्याइतकं कळतं कुणाला?" इंदुताई बाकावर टेकल्या. "अगं कुसुम, या गं सगळ्या इकडे! सर माहिती सांगतायत."

बायका गवारीच्या परातींसकट आल्या. बाक भरला. धारपांना अंग चोरून बसावं लागलं, आणि ते त्यांना आवडलं.

त्यांनी फोनवर नोंदीचा तक्ता उघडला. 'रुजलेले बी : होय / नाही.' अंगठा बराच वेळ थांबला. मग त्यांनी 'होय' दाबलं.

"झालं लिहून?" इंदुताईंनी विचारलं. "मग सर, उद्यापासून रोज आमच्यातच बसाल ना?"