जिनमहालातला कोपरा

अंधार पडलाय, तर आता सांगतो. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

गोष्ट लेन पिचफोर्डची. लंडनच्या बर्मंडसीत माझ्या दुकानाला लागूनच त्याचा धंदा. पाडायला काढलेल्या इमारतींतल्या काचा, आरसे, कोरीव लाकूड उतरवायचं आणि पैसेवाल्यांना विकायचं. भुताचं नाव काढलं की शिव्या घालणारा माणूस.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा सोमवार. रात्री लेन 'हेरॉन'मधल्या काचा काढायला गेला. बिल्डरला सकाळी इमारत मोकळी हवी होती. 'हेरॉन' म्हणजे साधा पब नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला जिनमहाल, म्हणजे जिन ही दारू पाजणारा आलिशान गुत्ता. तेव्हा आसपासच्या खोल्यांत माणसं ओलीत, अंधारात कुजत होती आणि इथे गॅसचे झगझगीत दिवे, सोनेरी खांब, भिंतभर नक्षीचे आरसे. दोन घोट जिनवर भिकारीसुद्धा घटकाभर राजा व्हायचा. चोरून पिणाऱ्या अब्रूदार बायकांसाठी बारच्या कडेनं लाकडी कप्पे होते. कप्प्यात तोंडासमोर फिरत्या काचेच्या छोट्या खिडक्या. खिडकी किलकिली करायची, पेला पुढे सरकवायचा. बारवाल्याला दिसायचा तो फक्त हात.

डोरीन स्केग्जनं तीस वर्षं तो पब चालवला होता. मालकानं जागा विकली आणि तिला बाहेर काढलं. ती किल्ली घेऊन दारातच उभी होती.

“आलास का गिधाडा?”

“किल्ली दे आणि नीघ, म्हातारे. मला काम आहे.”

“ने की, सगळं ओरबाडून ने.” किल्ली त्याच्या पायाशी टाकून ती हसली. “कोपऱ्यातल्या कप्प्यापासून सुरुवात कर हं, राजा. तिथली काच सगळ्यात जुनी.”

ती गेली. लेननं दार आतून लावलं, बारच्या मागे गेला आणि कोपऱ्यातल्या खिडकीच्या स्क्रूला हात घातला.

खिडकी पलीकडून उघडली.

काळ्या जाळीच्या हातमोज्यातला एक हात आला. रिकामा पेला पुढे सरकला.

“भर.”

“डोरीन, पुरे झाली नाटकं!” लेन ओरडला. तणतणत वळसा घालून तो कप्प्यात गेला. कप्पा रिकामा. रस्त्याकडच्या दाराची कडी आतून लावलेली, गंजून घट्ट बसलेली.

तो परत बारमागे आला. हात तिथेच होता. बोटं लाकडावर वाजत होती.

“भर म्हणते ना.”

लेन एक पाऊल मागे सरकला. “बार बंद आहे, बाई… दारूचा थेंब नाही इथे…”

बोटं वाजायची थांबली.

मग शेजारची खिडकी फिरली. मग तिच्या पलीकडची. मग… सगळ्याच. प्रत्येकीतून एक हात. तोंड एकाचंही नाही. पेले लाकडावर आपटायला लागले. हळू. मग जोरात. मग एकदम थांबले.

कोपऱ्यातून आवाज आला. अगदी कानाजवळ.

“दारू नाही… तू आहेस ना.”

लेन हत्यारं तिथेच टाकून पळाला.

सकाळी त्यानं डोरीनला फोन लावला. “तुला माहीत होतं?”

“तीस वर्षं रोज रात्री भरत होते मी तिचा पेला.”

“मग सांगितलं का नाहीस, थेरडे?”

“तुला? कशासाठी?” तिनं फोन ठेवला.

परवा रविवारी तो माझ्याकडे आला. पार वाळलाय. मी चहा पुढे ठेवला. त्यानं हात लावला नाही. नुसता कपाकडे बघत बसला. म्हणून मीही बघितलं.

चहा खाली उतरत होता… थोडा… आणखी थोडा…

कप रिकामा झाला. लेन हुंदका गिळून उठला आणि निघून गेला. मी कप उचलला. त्याच्यापासून लांबच्या, पलीकडच्या कडेवर ओल्या ओठांचा ठसा होता.