चाळीस बाय अकरा

एकतीस वर्षं मी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. आकडा असला की दोनदा मोजायचा, विशेषण असलं की खोडायचं. निवृत्त झाल्यावर हीच सवय मी डब्यांना लावली. टाकी भरली की ओरडणारा डबा, दार उघडलं की दिवा लावणारा डबा. आतली जोडणी कुणालाही जमते. डबा घरगुती वाटतो तो बाहेरच्या अक्षरांमुळे. म्हणून एक वही केली होती. अक्षरं उतरवायची प्रत्येक स्वस्त पद्धत तारखेसह लिहायची आणि फसलेला नमुना शेजारी चिकटवून ठेवायचा.

पुढची बहुतेक माहिती त्या वहीतली आहे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नकाशांच्या कचेरीत तिने सत्तावीस वर्षं नकाशांवर नावं घातली. पारदर्शक तावावरची अक्षरं एकेक करून घासून कागदावर उतरवायची, असं ते काम. अर्धा मिलिमीटर चुकलं तर पात्याने अक्षर खरवडायचं आणि पुन्हा बसवायचं. एका नदीचं नाव किंचित तिरकं गेलं म्हणून सह्या झालेला नकाशा तिने साहेबांच्या टेबलावरून परत आणला होता. माझ्या अक्षराला ती ‘कोंबडी नाचली’ म्हणायची.

गेल्या वर्षी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताचं पहिलं बोट चालतं. डोळे मोठे केले की हो, मिटले की नाही. डोकं शाबूत आहे. ती आमच्या पुढच्या खोलीत असते. एका दुपारी उशी सरकून तिच्या तोंडावर आली. बायको सहज डोकावली म्हणून ताई वाचली. त्याच संध्याकाळी मी डबा करायला घेतला. चार बटणं: पाणी, कूस, दुखतंय, हाक. डब्यातून एक वायर स्वयंपाकघरात जाणार आणि तिथे चार दिव्यांपैकी एक लागणार.

एक गोष्ट आत्ताच नोंदवतो. ताईचं अंग पुसायचं काम मी कधी केलं नाही. तिच्या पाठीचा, पावडरीखालचा तो वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, उलटीआधी सुटतं तसं. ते काम मावशी करतात. त्या नात्याच्या नाहीत, रोज सकाळी पगारावर येतात.

पहिला प्रयत्न मार्करचा. ताईने डब्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. बोट धरून बटणावर ठेवलं तरी दाबेना.

“वन्संना पाणी नकोय,” बायको म्हणाली, “त्यांना आधी प्रूफ हवंय.”

“मोत्यासारखं अक्षर कुठून आणू?”

“मग कोंबडीला नाचायचं थांबवा.”

दुसरा प्रयत्न स्टिकरचा. घरच्या प्रिंटरवर शब्द छापले, वर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि पोलादी पट्टी धरून कापले. प्रत्येक तुकडा चाळीस मिलिमीटर लांब, अकरा रुंद. आधी एकटा ‘पाणी’ डब्यावर लावून पाहिला. चिकटपट्टीखाली बुडबुडे राहिले. ताईने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी मी ‘पाणी’ सोलून काढला. तो सुटताना चोखल्यासारखा आवाज आला. गोंदाच्या तारा निघाल्या, पिवळट, आणि त्यांना वास होता. उन्हात ठेवलेल्या बँडेजचा. तरी नमुना वहीत चिकटवला, तारीख घातली.

पुढच्या सकाळी मावशींनी मला खोलीत बोलावलं.

“दादा, पाठीवर चट्टा आलाय बघा.”

“झोपून झोपून होतं तसं.”

“तसले मी शेकड्यांनी पाहिलेत. ते गोल होतात. याला कोपरे आहेत.” त्यांनी चट्ट्याच्या डाव्या टोकाकडे बोट नेलं. “आणि इथे एक तीळ होता. रोज पुसते मी ही पाठ. तीळ कुठे गेला?”

डॉक्टरांनी मलम दिलं, दर दोन तासांनी कूस बदला म्हणाले. कोपऱ्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, गादीची शिवण रुतली असेल. गादीला तिथे शिवण नव्हती.

तिसरी पद्धत रिमूव्हरची. शब्द त्याच मापात, आरशातल्यासारखे उलटे छापून घ्यायचे, कागद डब्यावर पालथा घालायचा, नखांचा रंग काढायच्या रिमूव्हरने भिजवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. शाई डब्यावर उतरते. आधी एकटा ‘कूस’ घेतला. तो उतरला, पण कडा फाटल्या. मी कापसाच्या बोळ्याने जोर लावून सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या पाठीवर, पहिल्या चट्ट्याच्या खाली, दुसरा. हा भाजल्यासारखा लाल होता आणि पाझरत होता. मी नाकाला रुमाल लावला आणि पोलादी पट्टी जवळ धरली. चाळीस बाय अकरा. मग पहिला मोजला. चाळीस बाय अकरा. आकडा वहीत लिहिला. बायकोला सांगितला नाही. एका आकड्यावर बातमी होत नाही, असं मी तीन पिढ्यांच्या वार्ताहरांना शिकवलं होतं.

चौथी पद्धत पाण्याची. खेळण्यातल्या विमानांवर चित्रं लावतात तो कागद. त्यावर छापायचं, तुकडा पाण्यात सोडायचा, आणि अर्ध्या मिनिटाने वरची पातळ फिल्म सुटते. ती बोटाने सरकवत डब्यावर बसवायची. पाणी माठातलं, गार होतं. फिल्म कोमट लागली. बोटाखाली ती सुरकुतली आणि पुन्हा ताणली गेली, फोड फुटल्यावर वर राहतं त्या कातड्यासारखी. दोनदा हात झटकावासा वाटला. भिंगातून कडा तपासताना फिल्मवर बारीक, पांढरी लव दिसली. बोळ्याचे धागे असतील असं लिहिलं आणि वर लॅकरचे तीन हात मारले.

अक्षरं दुकानातल्या यंत्रावर असतात तशी दिसत होती.

ताईने डोळे मोठे केले. बोट पुढे आलं आणि तिने ‘पाणी’ दाबलं. स्वयंपाकघरातून बायको पेला घेऊन धावत आली, अर्धं पाणी वाटेतच सांडत. “अहो, वन्संनी मागितलं! स्वतः मागितलं!” ती रडत हसत होती. ताई प्यायली. मग तिची नजर तिसऱ्या बटणावर गेली आणि तिथेच थांबली. डोळे मिटले.

मी पट्टी लावून पाहिलं. ‘दुखतंय’ उजवीकडे अर्धा मिलिमीटर उतरला होता.

दुपारी डबा काढून माझ्या टेबलावर आणला. वायर उपसली. तिचं टोक माझ्या मांडीवर होतं. ‘दुखतंय’च्या एका कोपऱ्याखाली ओलं पातं सरकवलं. कोपरा उचलला गेला. खालून ओल आली. पात्यावरचं पाणी एवढं नव्हतं.

“अहो,” स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, “वन्संना दुखतंय का? दिवा लागलाय.”

“कुठला?”

“तिसरा.”

“डबा माझ्याकडे आहे.”

“मग कोण दाबतंय?”

पातं अजून आतच होतं. मी स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं आणि ते आणखी एक मिलिमीटर आत गेलं.

पुढच्या खोलीतून आवाज आला. अकरा महिन्यांत ताईच्या घशातून पहिल्यांदा आवाज आला होता. तो मी इथे शब्दांत लिहिणार नाही.

मी पातं काढलं. अंगठ्याने कोपरा दाबून धरला.

“गेला,” बायको म्हणाली. “दिवा गेला.”

अंगठा मी बराच वेळ उचलला नाही. उचलला तेव्हा कोपरा बसला होता. अंगठ्याला आलेला वास पावडरीखालचा होता.

वही उघडली. स्टिकरचा नमुना ज्या पानावर होता ते पान दमट झालं होतं आणि मागच्या पानाला चिकटलं होतं. कागद आता कागदासारखा नव्हता. मेणचट होता, मधोमध फुगीर. ‘पाणी’ या शब्दाच्या डावीकडे तपकिरी ठिपका होता. शाई सांडली असेल म्हणून ओल्या बोटाने पुसला.

तो पुसला गेला नाही. तो किंचित उंच होता आणि त्यातून एक केस वर आला होता.

मी मोरीत जाऊन उलटी केली. मग वही पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली. फेकायचं धाडस झालं नाही. जाळायचं तर अजिबातच नाही.

डबा वायर जोडून ताईच्या हाताशी परत ठेवला आणि ठरवलं की आता त्याला हात लावायचा नाही. ‘दुखतंय’ अर्धा मिलिमीटर तिरका राहील. दिवे लागतात, ताई पाणी मागते, कूस मागते. मावशी म्हणतात, दोन्ही चट्टे भरून येताहेत, तिसऱ्या जागी नुसता एक लाल कोपरा आहे. यापेक्षा जास्त काही मला नको होतं.

हे सगळं तीन आठवड्यांपूर्वीचं.

परवा मावशींनी ताईच्या डाव्या पहिल्या बोटाचं नख कापायला घेतलं, तर तिने मूठ आवळून धरली. काल तेच नख डब्यावर घासल्याचा बारीक आवाज ऐकू आला. दिवा कुठलाच लागला नव्हता, म्हणजे ती बटण दाबत नव्हती.

आज सकाळी जाऊन पाहिलं. मावशी तिच्या पाठीमागून ओला कापूस टाकत होत्या, एकामागून एक. कापूस लाल होता. ताईचं नख ‘दुखतंय’च्या त्याच कोपऱ्याखाली होतं आणि कोपरा उभा राहिला होता. तिच्या कपाळावर घाम होता. बोट थांबत नव्हतं.

“ताई, राहू दे,” मी म्हटलं. “वाचता येतं ना? पुरे तेवढं.”

तिने डोळे मिटले.

“मग काय, पुन्हा करायचं? सोलून?”

तिने डोळे मोठे केले, आणि बोट बाजूला घेऊन मला जागा करून दिली.