बदामाखालचं वर्तुळ

दुपारी आईला धाप लागली, तशी इदाल्मिस तिच्यासाठी श्वासाचा पंप आणायला निघाली. चौकातल्या औषधाच्या दुकानात माल आल्याची कुणकुण होती. उशीर केला तर हात हलवत परतावं लागतं, हे कामाग्वे शहरात शेंबडं पोरही सांगेल.

चौकातली पिवळी वर्तुळं तिनेच आखून घेतली होती. नगरपालिकेची आर्किटेक्ट ना ती. पूर्वी इथली रांग तोंडी असायची. आलेल्याने "शेवटचं कोण?" विचारायचं, कुणी "मी" म्हटलं की त्याच्या मागे आपला नंबर. मग आपल्याला विचारणारा कुणी येईपर्यंत मात्र हलायचं नाही. साथ आली आणि इदाल्मिसने ही बडबडच बंद केली. विचारायचं नाही, वर्तुळात मुकाट उभं राहायचं, अशी पाटीच लावली.

आज सगळी वर्तुळं भरलेली होती. बदामाच्या झाडाखालचं तेवढं रिकामं. घाईत, जुन्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "शेवटचं कोण?"

"मी..."

थकलेला, बाईचा आवाज. रिकाम्या वर्तुळातून आलेला. पाठोपाठ ओल्या रंगाचा वास आला. रंग तर केव्हाच वाळला होता.

पुढच्या वर्तुळातले म्हातारे फेर्मिन मागे वळले नाहीत. "कशाला विचारलंस, पोरी?" ते पुटपुटले. "एनेदिना आहे ती. गेल्या आठवड्यात इथंच कोसळली, जागीच गेली... शेवटची होती. तुझ्या पाटीपायी तिला कुणी विचारलंच नाही. ताटकळली बिचारी. आता सुटली."

"आणि मी?"

"तू तिच्या मागे. आता तुला कुणी विचारलं आणि तू हो म्हणालीस, की तू सुटलीस. विचारणारा अडकला. तोवर घरी गेलीस तरी नंबर सुटत नाही."

इदाल्मिसला पळून जावंसं वाटलं, पण आईची धाप डोळ्यांसमोर होती. ती तिथेच उभी राहिली, पंप घेतला आणि घर गाठलं.

आई पलंगावर उठून बसली होती, दाराकडे डोळे लावून.

"शेवटचं कोण?" तिने विचारलं.

इदाल्मिसने दातांखाली ओठ घट्ट धरले. काही झालं तरी बोलायचं नाही.

"तूच ना गं?" आई हसली. धाप कुठच्या कुठे गेली होती. "मला ठाऊक आहे. एनेदिना जाता जाता सांगून गेली, तुझ्यासाठी हो तीच म्हणाली. सरक बाजूला, बाळा. तुझ्या जागी मी उभी राहते."

"आई, नको..."

ती पलंगाकडे धावली आणि तिची चप्पल फरशीला चिकटली. तिने खाली पाहिलं. पलंगाभोवती पिवळं वर्तुळ होतं, आणि रंग अजून ओला होता.