आटलेला हौद

“सोडणांचा वास येतोय!” हौदाच्या तळाशी, पाटाच्या तोंडात नाक खुपसून तैयबा ओरडली.

“नारळाची सोडणं? मशिदीच्या हौदात?” वरून तिची मैत्रीण राही हसली. “डोकं ठिकाणावर हाय ना गो तुझं?”

“खाली ये नि हुंग! पाणीपण बघ कसं तांबडं झालंय!”

राहीचा धाकटा भाऊ अनंता धप्पकन खाली उतरला. त्याने हुंगलं आणि लगेच नाक दाबलं. “शी! कुजवलेली सोडणंच गो!”

तैयबाला हसू आलं नाही. तिचे बाबा, सिराजुद्दीन, चौदा वर्षं या मशिदीत बांग देत होते. दिवाळीच्या सुट्टीत हा जुना हौद नेहमी काठोकाठ भरलेला असे. यंदा गुडघाभरही पाणी नव्हतं. जमातीचे प्रमुख खतीबसाहेब म्हणाले, सिराजुद्दीन तळाचं बूच लावायला विसरतो! उद्या शुक्रवारी नवा माणूस नेमायचा. म्हणजे नोकरी गेली आणि मशिदीमागची राहायची खोलीही गेली.

“बूच घट्ट हाय,” तैयबा म्हणाली. “पाणी गळत न्हाय, येतच न्हाय! पाट चढावरच्या कुठल्यातरी जुन्या विहिरीतून येतो. चला, वरची बंद घरं बघू!”

पहिल्या दोन घरांत नक्षीदार तुळया होत्या, खिडक्यांना रंगीत काचा होत्या आणि अनंताची बोबडी वळवणारी वटवाघळंही होती. विहिरी मात्र ठणठणीत कोरड्या! उरलं रंगूनला गेलेल्या व्यापाऱ्याचं मोठं घर. तिथे राखणदार अब्दुस्समद ओट्यावर बसून काथ्याची दोरी वळत होता.

“समदचाचा, आत विहीर हाय का हो?”

“कधीच बुजली! पळा इथून!”

त्याच्या शेजारी ओल्या काथ्याचा ढीग पडला होता. नारळाच्या सालीची सोडणं पाण्यात कुजवूनच काथ्या निघतो, आणि गावातले सगळे ती खाडीत कुजवत. तैयबाच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. तिने अनंताला कानात काहीतरी सांगून पिटाळलं. अनंता खतीबसाहेबांना हाताला धरून ओढतच घेऊन आला आणि दोघं कुंपणाआड उभे राहिले. मग तैयबा जोरात ओरडली, “चाचा, धावा! खाडीला उधाण आलंय, तुमची सोडणं वाहून चालली!”

अब्दुस्समद खो खो हसला. “माझी न्हायतच ती! खाडीपर्यंत कोण तंगड्या तोडतो? माझी सोडणं घरातच, विहिरीत...” आणि त्याने जीभ चावली.

“बुजलेल्या विहिरीत?” खतीबसाहेब कुंपणाआडून गरजले. “काढ चावी!”

विहीर सोडणांनी गच्च भरली होती. वर दाबायला ठेवलेले धोंडे आधी काढले, मग टोपल्यांमागून टोपल्या उपसल्या. अब्दुस्समद घामाघूम झाला. पाटाचं तोंड मोकळं होताच पाणी असं धावलं, की मुलं मशिदीत पोचेतो हौदात खळखळाट सुरू झाला होता!

“सिराजुद्दीन, चूक माझी,” खतीबसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. “न बघताच तुला दोष दिला. बांग तूच द्यायचीस! आणि या पोरांनी आम्हा म्हाताऱ्यांचे डोळे उघडले. शाबास!”

बाबांनी तैयबाला जवळ घेतलं, तशी ती हमसून हमसून रडायला लागली.

“अगो, आता कशाला रडतेस?” राही गोंधळली. “आठवडाभर तर एक टिपूस काढलं न्हायस!”

“तेव्हा मला रडताना बघून बाबा खचले असते ना!” डोळे पुसत तैयबा म्हणाली.